उके मास्तरांची पाठ

आमच्या वैनगंगेकाठच्या बालाघाटात उके मास्तरांना तोंडावरून ओळखणारी माणसं थोडी, पाठीवरून ओळखणारी पुष्कळ. भीमजयंतीचा कार्यक्रम असो, मंडईच्या जत्रेचं स्टेज असो की कोणाच्या घरचं बारसं असो, मास्तर सॅक्सोफोन गळ्यात अडकवून उभे राहिले की आधी लोकांकडे पाठ फिरवतात. मग समोर एखादी भिंत शोधतात. भिंत नसली तर कनात चालते, कनात नसली तर उभा ट्रकसुद्धा चालतो. त्याच्याकडे तोंड करून ते वाजवतात. ऐकणाऱ्यांना दिसते ती पांढऱ्या शर्टाची पाठ, मानेवरून आलेला चामड्याचा पट्टा आणि न्हाव्याच्या हातून नेहमी सुटणारे दोन-चार केस.

त्या पाठीवर माझा फार जीव आहे. गेली काही वर्षं मी तिच्याकडे बघत सॅक्सोफोन शिकते आहे.

वास्तविक सॅक्सोफोनचं आणि माझं काही नातं नव्हतं. मी पोस्टात काउंटरवर बसते आणि रिकाम्या वेळात तंद्री लावते, एवढीच माझी कला. माहेरी भंडाऱ्याला आई म्हणायची, "या पोरीले दूध पाहाले बसवू नका, दूधही जाईन अन् पोरगीही." तर अशीच एक संध्याकाळ होती. धान निघायचे दिवस, राइस मिलच्या धुराचा पातळ पडदा गल्लीवर उतरलेला, आणि मी तुरीची डाळ घेऊन स्कूटीवरून घरी निघालेली. एका वळणावर तो सूर कानावर आला. सूर कसला, कोणी तरी संध्याकाळच हळूहळू ओढून लांब करत होतं. मी स्कूटी बंद केली आणि पाय टेकून उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. भानावर आले तेव्हा डाळीची पिशवी फुटून अर्धी डाळ रस्त्यावर होती आणि एक कोंबडी माझ्याकडे कृतज्ञतेने बघत होती.

आवाजाच्या मागावर आत गेले. दारातच मास्तरीणबाई लसूण सोलत बसल्या होत्या. कोण, कुठली, काही विचारलं नाही. म्हणाल्या, "बसा बाई. गाणं संपल्याबिगर ते वळत नाई. घराले आग लागली तरी आधी गाणं पुरं करतीन."

मी बसले. खोली लांबट होती आणि जरा विचित्र होती. समोरची भिंत खिडकीच्या बरोब्बर मध्यावर येऊन टेकली होती, म्हणजे खोलीला मिळाली होती अर्धीच खिडकी. मला वाटलं गवंडी नवशिका असावा. त्या भिंतीला खेटून मास्तर वाजवत होते. निळसर चुन्यावर त्यांच्या तोंडासमोर एक मळका गोल पडला होता, वर्षानुवर्षांच्या श्वासाचा.

गाणं संपलं तेव्हा ते वळले. गोल चेहरा, जाड चष्मा, गालात एक जादा रीड. सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसते ती वेताची पट्टी म्हणजे रीड. ती ओली राहावी म्हणून मास्तर ती दिवसभर गालात ठेवतात, आपल्याकडे लोक सुपारी ठेवतात तशी. मी शिकायचं म्हटल्यावर त्यांनी रीड एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि म्हणाले, "तोंड उघडा."

इथे एक सांगायला हवं. मास्तरांची सारी नोकरी परसवाड्याच्या ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेली. न बोलणाऱ्या पेशंटांची सवय. त्यांनी माझे दात बघितले, जबडा दोन बोटांनी हलवून पाहिला, पाठीवर थाप मारून श्वास ऐकला. फक्त वय बोलून दाखवलं नाही, तेवढी सभ्यता राखली.

"दात चांगले आहे," ते म्हणाले. "आता असं करा, गल्लीच्या त्या टोकाले जा अन् मले हाक मारा."

"गाऊन दाखवू का?"

"गाणं नोको. हाक पायजे."

पोस्टातली नोकरी, संसार, अब्रू, सगळं क्षणभर डोळ्यांसमोर आलं. पण त्या सुराची भूल उतरली नव्हती. मी टोकाला गेले आणि ओरडले, "मास्तर!" दोन दारं उघडली, एक कुत्रं पळालं. चहावाला आपल्यालाच हाक समजून कट चहा घेऊन धावत आला. परत आले तर मास्तर मान डोलवत होते. "चालते. दम आहे बाईत. उद्यापासून या."

फी विचारली तर म्हणाले, "फीचं नाव काढलं तं नाव कटते."

ही प्रवेशपरीक्षा सगळ्यांना द्यावी लागते. आमच्यातले लिल्हारे भैया खत-बियाण्यांचे दुकानदार. त्यांना तर मास्तरांनी बाजारातूनच उचललं. ते रस्त्याच्या या बाजूने त्या बाजूच्या हमालाला शिव्या देत होते, मधून दोन ट्रक गेले तरी शिव्या स्पष्ट ऐकू येत होत्या. मास्तर जाऊन त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "भैया, सॅक्सोफोन सीखोगे?" दातांचे डॉक्टर कटरे मात्र परीक्षेत नापास झाले, कारण त्यांचा आवाज पेशंटला धीर देण्याचा, मऊ. पण त्यांनी नागपूरहून टेनर सॅक्सोफोन आणला होता, आमच्यापेक्षा मोठा, घनगंभीर, ढेकर दिला तरी टेबलावरचे पेले थरथरावेत असा. तो वाजल्याबरोबर मास्तर म्हणाले, "डाक्टर, तुमी नापास. हा पास. याले घेऊन येत जा."

अशी आमची मंडळी. येणारे-जाणारे आणखी असतात, पण टिकलो आम्ही तिघंच. घरोघरी आमची शोभाच आहे. आमचे हे म्हणाले, "आधी कुकरच्या तीन शिट्ट्या मोजत होतो, आता कोणती कुकरची अन् कोणती तुझी ते समजत नाही. भात रोज कच्चा राहतो."

मास्तर शिकवतात म्हणजे काय करतात? तर पहिल्यांदा काहीच शिकवत नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभं करतात आणि एकच सूर लांबवायला लावतात. दम संपेपर्यंत. मग पुन्हा. आम्ही गाण्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "गाणं काय, कोनीही वाजवते. सूर चिन्नोर तांदळाच्या भातासारखा पायजे. झाकण काढाच्या आधी शेजारच्याच्या घरात वास गेला पायजे."

सूर फाटून किंचाळला तर ते रागवत नाहीत. जवळ येतात, मानेवर हात ठेवतात आणि बुजलेल्या गुराला समजवावं तसं म्हणतात, "हो हो हो, दमानं, दमानं. काई होत नाई." लिल्हारे भैयांची मान त्या हाताखाली इतकी शांत होते की एकदा त्यांनी डोळेच मिटले.

आणि खरं सांगते, त्या एका सुराची चटक लागते. अर्ध्या खिडकीतून शेवटचं ऊन येतं, भिंतीवर सरकत सरकत आपल्या तोंडासमोर येतं. आपण फुंकतो. तो सूर भिंतीला लागून परत येतो आणि कपाळावर, पापण्यांवर बसतो. थोड्या वेळाने आपण फुंकतो आहोत की आपल्याला कोणी फुंकतं आहे तेच समजत नाही. काउंटर, पार्सलं, रजिस्टर पत्रं, सगळं वैनगंगेच्या पुलाखालून वाहून जातं. मास्तरीणबाईंचा भात शिजत असतो, त्याचा वास सुरात मिसळतो. मी तर किती तरी वेळा वाजवता वाजवता भंडाऱ्याच्या घरी जाऊन, आईच्या हातचा चहा पिऊन परत आले आहे.

एकच गोष्ट कोणालाच कळत नव्हती. कोणतंही गाणं सुरू करायच्या आधी मास्तर सॅक्सोफोन तोंडाला लावतात, श्वास भरतात आणि तसेच थांबतात. भिंतीकडे कान देऊन. आपण बोटं कळांवर ठेवून ताटकळतो. मग खांदे किंचित खाली येतात आणि ते सुरू करतात. डॉक्टर कटरे एकदा ध्यानाच्या शिबिराला जाऊन आलेले. ते म्हणायचे, "मास्तर आतला आवाज ऐकतात." लिल्हारे भैयांचं मत वेगळं होतं. "कुछ नहीं, मास्टर जी को गैस की तकलीफ है."

हळू वाजवलेलं मास्तरांना खपत नाही. डॉक्टरांनी एकदा मोबाइलवर बघून बसवलेली एक गोड, मंद, विझत जाणारी जागा वाजवून दाखवली. आम्हाला भरून आलं. मास्तर गाणं संपायच्या आधी वळले, ही त्यांच्या हिशेबी मोठीच घटना.

"डाक्टर, हे कोनासाठी वाजवलं?"

"असंच मास्तर. छान वाटलं."

"मंग घरी गादीवर बसून वाजवा. इथं वाजवाचं तं भिंतीच्या पल्याड गेलं पायजे."

आम्ही ते वाक्य फार मोठं समजून चाललो. डॉक्टरांनी तर दवाखान्यात ते पाटीवर लिहून लावलं. दात काढून घ्यायला आलेले लोक ते वाचून गंभीर होत.

मग दिवाळी झाली. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. रामपायलीच्या बाजूच्या एका गावाने आम्हाला बोलावलं. आम्ही लिल्हारे भैयांच्या पिकअपमध्ये युरियाच्या वासात बसून गेलो. आकाशपाळणा, जिलेबी, दंडारीच्या लोकनाट्याची मंडळी तोंडाला रंग फासून बसलेली, सगळी गर्दी. आमची पाळी आली. स्टेजच्या मागे भिंत नव्हती, धबधब्याचं चित्र असलेला पडदा होता. मास्तर धबधब्याकडे वळले. त्यांच्यामागे आम्हीही. लोकांना चार पाठी दिसायला लागल्या.

माइकवरचा पोरगेला निवेदक गडबडला. "कलाकार लोगों से निवेदन है कि पब्लिक इधर है." पब्लिक हसली. मास्तर हलले नाहीत. दंडारीतल्या ढोलकीवाल्याला आमची दया आली. तो जवळ येऊन म्हणाला, "मास्तर, ठेका धरू का? ढोलाबिगर कसं वाजवान?"

"आमच्यापाशी ढोलवाला आहे," मास्तर म्हणाले.

"कुठी आहे?"

"घरी."

ढोलकीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी पडद्यावरच्या धबधब्याकडे बघायला लागले. मास्तरांनी श्वास भरला आणि नेहमीसारखे थांबले. लोकांना वाटलं माइक गेला. माइकवाला धावत आला, "हॅलो, हॅलो" करून गेला. तरी मास्तर थांबलेलेच. मग ते वाजवायला लागले, आणि काय सांगू, ती मंडई हळूहळू निवली. पाळणावाल्याने पाळणा थांबवला. आयांच्या खांद्यावरची पोरं झोपली. जिलेबीच्या धुरातून सूर पुढे धानाच्या कापल्या शेतांवर गेला आणि तिथेच कुठे तरी दवासारखा उतरून बसला. संपल्यावर टाळ्या वाजवायचं लोकांच्या उशिरा लक्षात आलं.

पण माझ्या डोक्यात ढोलवाला बसला तो बसलाच. दुसऱ्या दिवशी पोस्टातून लवकर निघून मी मास्तरांकडे गेले. मास्तर बाजारात गेले होते. मास्तरीणबाई मागच्या अंगणात होत्या आणि मधल्या बुटक्या भिंतीवरून पलीकडे वाटी देत होत्या. पलीकडून बांगड्यांचा एक म्हातारा हात आला, वाटी घेऊन गेला.

"कोण ते?"

"माही जाऊ," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बसा. आज तुमाले सांगूनच टाकतो. आता लपवून का करू, मंगळवारी तं ते जाऊनच राह्यले."

आणि मला ते अर्ध्या खिडकीचं कोडं उलगडलं. गवंडी नवशिका नव्हता, घरच दोघांचं होतं. पलीकडच्या अर्ध्या खिडकीत मास्तरांचे मोठे भाऊ राहत होते, तुळशीरामजी. दोघांच्या वडिलांचा लग्नातला बँड होता. तुळशीरामजी ढोल वाजवायचे, मास्तर दवाखान्यातून सुट्टी काढून सॅक्सोफोन. बँडवाल्यांचा कायदा असा की ढोलाने तीन थापा दिल्याशिवाय सॅक्सोफोनने तोंड उघडायचं नाही, आणि गाणं सुरू झालं की संपेपर्यंत ढोलाने त्याला एकटं सोडायचं नाही.

"किरनापूरले लगन होतं," मास्तरीणबाई सांगत होत्या. "वरात मांडवापाशी आलती. नाचाचं गाणं वाजवाचं होतं. पन यायची तंद्री लागली. दिवस बुडून राह्यलता, वारा सुटलता, का झालं कोन जाणे, यायनं बिदाईचं गाणं सुरू केलं."

"पाठवणीचं गाणं, वरात दारात असताना?"

"दारात! नवरीची माय आरती घेऊन उभी होती, ते धाय मोकलून रडाले लागली. तिचं पाहून तिच्या बहिनी. आतमधी नवरी रडाले लागली. नवरदेवाची मावशी विचारे, कोन मेलं बापा? घोड्यावरचा नवरदेव डोळे पुसे. अन् हे आपले डोळे मिटून वाजवूनच राह्यले."

मला हसू आवरेना. मास्तरीणबाईही हसल्या, पण अर्ध्यातच थांबल्या.

"तं भासऱ्यायनं, यायच्या मोठ्या भावानं, ढोल थांबवला. चालू गाण्यात. साऱ्या वरातीसमोर." त्यांनी हातातला लसूण खाली ठेवला. "बाई, बँडवाल्याले त्याच्यापेक्षा थापड मारलेली बरी. हेही जिद्दी. गाणं सोडलं नाई. ढोलाबिगर एकटेच शेवटपर्यंत वाजवलं, सॅक्सची पेटी बंद केली अन् पायदळ निंगाले. त्या उन्हाळ्यात हे भिंत झाली. तवापासून दोघं भाऊ एक शब्द बोलले नाई. आमी दोघी बोलतो. आमी काहून नाई बोलाचं? आमचा तं कोनी ढोल थांबवला नाई."

पुढचं ऐकताना मात्र माझं हसू गेलं. भिंत झाल्यावर मास्तर रोज संध्याकाळी तिच्याकडे तोंड करून वाजवायला लागले. पलीकडे तुळशीरामजी आपली खुर्ची त्याच भिंतीला टेकवून बसायला लागले. ढोलाला हात लावत नसत, तोंडातून शब्द काढत नसत. पण गाणं संपल्याशिवाय जेवायला उठत नसत. वर्षानुवर्षं असं चाललं. मग म्हाताऱ्याचे कान गेले. मशीन आणून दिली तर ती फेकून दिली. म्हणाले, यात बाजार ऐकू येते, घर ऐकू येत नाई.

"तरी खुर्ची टाकून बसतेच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "अन् माह्या जावेले रोज विचारते, आज लहान्या वाजवून नाई राह्यला का? तिनं हे मले सांगितलं, मी यायले सांगितलं. दुसऱ्या दिवशी यायनं बाजारात जाऊन लिल्हारेले धरून आनलं."

गल्लीच्या टोकाची हाक, डॉक्टरांचा टेनर, हळू वाजवणाऱ्यावरचा राग, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. मास्तरांना चेले नको होते, जोर हवा होता. एकट्याच्या छातीतून निघत नव्हता म्हणून त्यांनी गावातून गोळा केला होता. मला इतके दिवस वाटत होतं की माझ्यात काही तरी आहे. होतं, पण ते फुप्फुस होतं. तरी मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट मास्तरांवर फार माया आली.

"मग मास्तर सरळ दारातून का जात नाहीत?" मी विचारलं.

"कसे जातीन? ढोलाची थाप आल्याबिगर सॅक्सवाला सुरू करत नसते. ते रोज वाट पाह्यते ना थापेची. दिसत नाई का तुमाले?"

दिसत होतं. रोज दिसत होतं.

मंगळवारी तुळशीरामजींचा मुलगा आईवडिलांना कायमचं रायपूरला नेणार होता. घराला कुलूप लागणार होतं. मी डॉक्टरांना आणि लिल्हारे भैयांना सांगितलं. डॉक्टर बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. लिल्हारे भैया रडले, म्हणजे अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असे रडले, आणि म्हणाले, "दीदी, मैं तो कहता हूँ दीवार ही तोड़ देते हैं."

सोमवारी संध्याकाळी आम्ही सगळे वेळेआधी हजर होतो. बाहेर टेम्पो उभा होता, त्यात खाट, पेट्या, पाण्याचे ड्रम चढलेले. मास्तरांसमोर आम्ही काही माहीत असल्याचं दाखवलं नाही. ते थांबले, खांदे खाली आले, आणि आम्ही चौघांनी मिळून असं वाजवलं की मास्तरीणबाईंनी कानाला पदर लावला. संपलं. पलीकडे काही नाही. मागच्या अंगणातून जाऊबाई आल्या, मान हलवली आणि म्हणाल्या, "बसले आहे खुर्चीवर. तेच विचारून राह्यले, आज लहान्या नाई का म्हणून."

आम्ही पुन्हा वाजवलं. लिल्हारे भैयांचा चेहरा वांग्यासारखा झाला. पलीकडे काही नाही.

मास्तरांनी सॅक्सोफोन खाली केला. रीड काढली, बघितली, पुन्हा बसवली. मग त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता हे हार मानून बसणार.

"भाऊ भिंतीले टेकून बसला आहे का?" त्यांनी न वळता विचारलं.

"हौ," जाऊबाई म्हणाल्या. "पाठ टेकवून."

"म्हैस बहिरी झाली तं तिले हाक नाई मारत," मास्तर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "जमिनीवर पाय आपटतो आपन. ते खुरानं ऐकते." मग एकदम मोठ्याने, "डाक्टर, तुमचा भोंगा भिंतीले टेकवा. घट्ट. बाई, तुमीही. लिल्हारे, इधर लगाओ. सबसे नीचेवाला सूर. गाणं नोको. निस्ता सूर. एकाचा दम संपला तं दुसऱ्यानं सोडाचा नाई."

आम्ही चारी सॅक्सोफोनचे भोंगे भिंतीला टेकवले आणि सर्वांत खालचा सूर धरला. जो आम्हाला इतकी वर्षं लांबवायला लावला होता तोच. माझे दात झिणझिणले. अर्ध्या खिडकीची काच थरथरायला लागली. मळक्या गोलातला चुना भुरभुरत खाली आला. डॉक्टरांचा टेनर पोटातून बोलत होता, भैयांचा दम संपला तर मी धरत होते, माझा संपला तर मास्तर. ऊन सरकत आमच्या चेहऱ्यांवरून गेलं. किती वेळ, मला सांगता येणार नाही. त्या सुरात खोली, अंगण, बाहेरचा टेम्पो, सगळं बुडालं होतं आणि आम्ही तळाशी उभे होतो.

आणि भिंतीच्या आतून आलं. धप्प.

मास्तरांनी हात वर केला. आम्ही थांबलो.

धप्प. धप्प.

पलीकडून कोणी तरी तळहाताने भिंतीवर तीन थापा दिल्या होत्या.

मास्तर या वेळी थांबले नाहीत. भोंगा भिंतीला टेकलेलाच ठेवून त्यांनी बिदाईचं गाणं सुरू केलं, किरनापूरला चुकलेलं. आज ते जागेवर होतं, बाहेर टेम्पो उभा होता. पलीकडून भिंतीवर ठेका सुरू झाला. म्हातारा हात, जड, जरा मागे पडणारा. आमची एक मात्रा इकडेतिकडे झाली तर मास्तर चष्म्यावरून बघतात. त्यांनी आपली चाल हळू केली, आणखी हळू केली, धाकट्या भावाने मोठ्याच्या पावलाने चालावं तशी. मास्तरीणबाई उंबरठ्यावर बसून डोळे पुसत होत्या आणि मध्येच म्हणत होत्या, "थांबला नाई हो. थांबला नाई."

गाणं संपलं. मास्तरांनी शेवटचा सूर सोडला. खोली शांत झाली.

पण भिंत शांत झाली नाही. ठेका चालूच होता. पलीकडच्याला गाणं संपल्याचं ऐकू आलं नव्हतं. तो पाठ टेकवून, एकटाच, वाजवत होता.

मास्तरीणबाई उठल्या. "जाऊन सांगू का त्यायले? गाणं झालं म्हणून?"

तेव्हा मास्तर वळले. ठेका चालू होता, म्हणजे गाण्याच्या मध्येच. सगळा चेहरा ओला होता आणि चष्मा धुरकटला होता.

"काहून सांगतं?" ते म्हणाले. "चालू ढोलात सॅक्स थांबवत नसते."

आणि आमच्याकडे पाठ फिरवून त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.